फ्लॅट टॉप्सला एल्कच्या शिकारीला जाताना भरलेली सॅक

एल्कच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जायचं ठरल्यावर भारतातल्या माझ्या माणसांनी सगळे प्रश्न बंदुकीबद्दलच विचारले. कुठली घेतलीस, किती लांबचा नेम लागतो, खांद्याला दणका किती बसतो. प्रत्यक्षात रायफलचा भाग उन्हाळ्यातच उरकला. रेंजवर जाऊन सराव केला, दुर्बिणीचा नेम पक्का करून घेतला, झालं. त्यानंतरचे सगळे शनिवार-रविवार गेले ते सामानात. काय न्यायचं, काय घरी ठेवायचं, आणि जे न्यायचं ते नेमकं कुठे ठेवायचं. या तिन्हींत मला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल मराठीत कुठे वाचायला मिळालं नाही म्हणून सविस्तर लिहिते आहे.

वाचणाऱ्यांपैकी अनेकांना मुळात शिकारच पटणार नाही, याची कल्पना आहे. मी कोल्हापूरची. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि तिथली जंगलं आणि माणसांची संख्या बघता ते योग्यच झालं असं माझं मत आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात परिस्थिती वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथले एल्क बेसुमार कत्तलीमुळे जवळजवळ संपले होते. वायोमिंगमधून कळप आणून पुन्हा सोडावे लागले. आज जगात सर्वांत जास्त एल्क याच राज्यात आहेत, आणि ते टिकवण्याचा मोठा खर्च शिकाऱ्यांच्या परवान्यांतून निघतो. शिवाय 1937च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळतो. कुठल्या भागात, कुठल्या तारखांना, नर की मादी, नराच्या शिंगाला किमान किती टोकं हवीत, हे सगळं ठरलेलं असतं. 1 जानेवारी 1949 किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारी-प्रशिक्षणाचा कोर्स पूर्ण केल्याशिवाय परवाना मिळत नाही. आणि मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस जंगलात टाकून येणं हा गुन्हा आहे. मी मांस खाते. ते ताटात येण्याआधी जे काही करावं लागतं ते एकदा स्वतःच्या हातांनी करायचं, हे माझ्या मनात बरीच वर्षं होतं.

मांस टाकायचं नाही, हा नियम सॅक भरताना सतत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. मोठ्या नर एल्कचं हाडं काढलेलं मांससुद्धा 80 ते 100 किलो भरतं. म्हणजे जाताना पाठीवर जे ओझं असतं त्याच्या कितीतरी पट ओझं परतताना असू शकतं, तेही अनेक फेऱ्यांत. इथे सॅक भरायची ती परतीचा हिशेब धरून.

आमची जागा होती फ्लॅट टॉप्स वाइल्डरनेस, मीकर गावाच्या पूर्वेला. सुमारे 2,35,000 एकरांचं सपाट माथ्याचं पठार, कडे, तळी आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडांची दाट जंगलं. यातल्या ट्रॅपर्स लेकचं एक विशेष आहे. 1919मध्ये वन खात्याने आर्थर कारहार्ट नावाच्या तरुण अधिकाऱ्याला तिथे तळ्याभोवती रस्ता आणि बंगल्यांचे प्लॉट आखायला पाठवलं. त्याने पाहणी केली आणि वरिष्ठांना सांगितलं की ही जागा आहे तशीच राहू द्या. पुढे 1964मध्ये देशभरासाठी वाइल्डरनेस कायदा झाला, आणि 1975मध्ये फ्लॅट टॉप्सला ते संरक्षण मिळालं. शिकाऱ्यासाठी याचा अर्थ अगदी रोकडा आहे. आत मोटार नाही, सायकल नाही, मांस ओढून आणायला दोन चाकांची गाडीसुद्धा नाही. स्वतःची पाठ, नाहीतर घोडा. आमच्याकडे घोडा नव्हता.

मला हे सगळं शिकवलं ते आमच्या शेजारच्या बाईंनी. साठी उलटलेल्या, लहानपणापासून वडिलांबरोबर याच डोंगरांत फिरलेल्या. बरोबर त्यांचा मुलगा येणार होता. एका रविवारी त्यांनी मला त्यांच्या गॅरेजमध्ये बोलावलं, फरशीवर ताडपत्री पसरली आणि माझं सगळं सामान तिच्यावर ओतायला लावलं. मग त्यांनी त्याचे तीन ढीग केले. पहिला ढीग अंगावरचा: कपडे आणि खिसे. दुसरा दिवसभर पाठीवर राहणाऱ्या सॅकचा. तिसरा तंबूत राहणारा. त्यांचा नियम असा, की तिसरा ढीग पूर्ण हातचा गेला तरी दुसऱ्यावर एक रात्र निघाली पाहिजे. आणि दुसराही गेला, सॅक नदीत वाहून गेली किंवा अंधारात सापडेना, तरी पहिल्यावर सकाळपर्यंत जिवंत राहता आलं पाहिजे. "तंबू तुला वाचवेल असं समजू नकोस," त्या म्हणाल्या. "ज्या रात्री गरज पडते त्या रात्री तू तंबूपाशी नसतेस."

सिएटलच्या माउंटेनिअर्स क्लबने 1930च्या दशकात केलेली दहा आवश्यक वस्तूंची यादी इथे प्रत्येक डोंगरवेड्याला पाठ असते: नकाशा, होकायंत्र, टॉर्च, जादा कपडे, प्रथमोपचार, चाकू, आग वगैरे. यादी चांगली आहे, आणि मी तिच्यावर खुणा करत बसले होते. बाईंनी मात्र त्या यादीतल्या वस्तूंची एकेक करून जागा ठरवली.

माझी सवय सह्याद्रीची. तिथे हरिश्चंद्रगडावर किंवा पन्हाळा ते पावनखिंड चालताना काळजी असते ती पाण्याची, उन्हाची आणि पावसात निसरड्या झालेल्या कातळाची. वाट चुकलीच तर पाणलोटाने खाली उतरलं की कुठेतरी वाडी लागते, कुणीतरी मामा कंदील घेऊन वाटेला लावतो. फ्लॅट टॉप्सवर खाली उतरलं की दुसरी दरी लागते. ऑक्टोबरअखेर रात्री पारा उणे दहाच्या आसपास जातो. थकलेल्या, घामाने भिजलेल्या माणसाच्या शरीराचं तापमान 35 अंशांखाली घसरायला फार वेळ लागत नाही, आणि घसरू लागलं की सगळ्यात आधी डोकं आणि बोटं काम करेनाशी होतात. म्हणून इथे प्रत्येक वस्तू हातात घेऊन एक प्रश्न विचारायचा: बोटं बधिर झालेली असताना, अंधारात, हे मला वापरता येईल का?

या एका प्रश्नाने माझ्या पहिल्या ढिगात बरेच बदल झाले. नाजूक झिपच्या पाऊचऐवजी मोठ्या तोंडाची पिशवी आली. काड्यापेटीऐवजी दोन लायटर, एक पँटच्या खिशात आणि एक गळ्यात दोरीला बांधून आतल्या कपड्यांत, कारण थंड पडलेला लायटर पेटत नाही. अंगाच्या उबेतला पेटतो. त्याबरोबर एका छोट्या डबीत व्हॅसलीनमध्ये मळलेले कापसाचे बोळे. असा एक बोळा काही मिनिटं जळतो, आणि ओल्या जंगलात तेवढी मिनिटं लागतातच. स्प्रूसच्या बुंध्यालगत, खालच्या अंगाला, वाळलेल्या बारीक काटक्या असतात. वरच्या फांद्यांच्या छत्रीमुळे त्या बर्फातही बऱ्यापैकी कोरड्या राहतात. बाईंनी मला पावसाळी दिवशी त्यांच्या अंगणात, हातमोजे घालून, आग पेटवायला लावली. जमेपर्यंत पुन्हा पुन्हा.

याच ढिगात होकायंत्र, शिट्टी, छोटा चाकू, हेडलॅम्प, आणि शर्टाच्या खिशात परवाना, मारलेल्या जनावराला लावायचा कागदी टॅग आणि पेन. जनावर पडल्याबरोबर टॅगवर सही आणि तारीख घालावी लागते, म्हणून पेन आतल्या, उबेच्या खिशात. होकायंत्राबद्दल मराठी वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जवळजवळ फरक नाही, त्यामुळे आपल्याला सुई दाखवेल ती उत्तर धरायची सवय असते. कोलोरॅडोत सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे आठ अंश पूर्वेला राहते. काही किलोमीटर चाललं की तेवढ्यावर दरी बदलते. होकायंत्रावर ही दुरुस्ती घरूनच लावून निघायचं.

कपड्यांत सुती काहीही नाही, अगदी आतले कपडे आणि रुमालसुद्धा. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगाची ऊब ओढून घेतं; लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब देत राहते. अंगालगत मेरिनो लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीस, वारा अडवणारं जॅकेट, आणि सॅकमध्ये फुगीर जाड जॅकेट, जे चालताना कधीच घालायचं नाही. थांबल्याबरोबर, थंडी वाजायच्या आधी, घालायचं. चढावर घाम आणायचा नाही हा इथला शिस्तीचा भाग आहे. थोडं थंड वाटत असतानाच चालायला लागायचं. सगळ्यावर भडक नारिंगी बनियन आणि टोपी: रायफलच्या हंगामात कंबरेच्या वर किमान 500 चौरस इंच चमकदार नारिंगी रंग आणि त्याच रंगाचं डोक्यावरचं काहीतरी, असा कायदा आहे. 2016पासून चमकदार गुलाबीही चालतो. मी नारिंगीच घेतला, कारण मळलेल्या बर्फात आणि करड्या झाडांत तो मला दुरून जास्त ठळक दिसला.

दुसरा ढीग, म्हणजे दिवसाची सॅक. इथे दिवसभर वावरायला लहान सॅक आणि मांसासाठी वेगळी, असं केलं नाही. बाहेरची चौकट असलेली एकच मोठी सॅक, जिची पिशवी चौकटीपासून सुटी होऊन मध्ये जड ओझं आवळता येतं. ओझं पाठीला चिकटून आणि खांद्यांच्या मधोमध राहिलं तर कंबरपट्टा ते पेलतो. खाली लटकलं तर प्रत्येक पावलाला मागे खेचतं. मी या सॅकमध्ये तांदळाच्या गोण्या बांधून घरामागच्या टेकडीवर चढउतार केली, आधी हलक्या, मग वाढवत नेत.

आत सगळ्यात वर, हात घातला की लागेल असं: रक्त थांबवायचं सामान. हे मी ठळकपणे सांगते, कारण ट्रेकिंगच्या प्रथमोपचारात आपण बँडएड, क्रेप बँडेज, क्रोसिन, इलेक्ट्राल यांवर थांबतो. शिकारीत खरा धोका चाकूचा असतो. अंधारात, गार हातांनी, वस्तऱ्यासारख्या पात्याने तासन्‌तास काम करायचं. म्हणून टूर्निके (हातापायाला आवळून रक्त थांबवायचा पट्टा), दाबपट्टी आणि रक्त गोठवणारं औषध लावलेली गॉझ. टूर्निके फक्त विकत घेऊन उपयोग नाही. एका हाताने, स्वतःच्या दंडावर, डोळे मिटून आवळता येईपर्यंत सराव केला.

त्याखाली अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा असलेली बचाव-पिशवी, तीत माणूस पूर्ण शिरतो. बांधकामाचा कचरा भरायची जाड काळी प्लास्टिकची पिशवी, जी पावसात झगा, बर्फावर बसायला आसन आणि मांसाखाली अंथरायला चादर अशी तिन्ही कामं करते. पातळ दोरी. दुसरा हेडलॅम्प, आणि लिथियमचे सेल, कारण साधे अल्कलाइन सेल थंडीत लवकर मान टाकतात. धातूचा एक मोठा मग, बर्फ वितळवायला. कागदी नकाशा, 1:24,000 प्रमाणाचा. फोनवरचे शिकारीचे नकाशे उत्तम आहेत, सरकारी जमीन कुठे संपते आणि खाजगी कुठे सुरू होते ते रेषेवर दाखवतात. पण फोन थंडीत अर्ध्या बॅटरीवरही बंद पडतो, म्हणून तो कायम आतल्या खिशात. आणि उपग्रहाशी बोलणारं छोटं यंत्र, खांद्याच्या पट्ट्याला बाहेर. त्यात तीन संदेश आधीच लिहून ठेवले होते: सगळं ठीक, आज रात्री तंबूबाहेर राहतोय पण ठीक, उशीर होईल. संकटाचं बटण वेगळं, झाकणाखाली.

घरी नवऱ्याकडे एक कागद ठेवला. गाडीचा नंबर, गाडी कुठे उभी असेल, तंबूची जागा नकाशावर, आम्ही कुठल्या दऱ्यांत जाऊ, कोणत्या रंगाचे कपडे आहेत, आणि कुठल्या तारखेला किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर काऊंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरीफ कार्यालयाला फोन करायचा. कोलोरॅडोत शोध-बचावाची जबाबदारी शेरीफकडे असते आणि प्रत्यक्ष डोंगरात उतरतात ते स्वयंसेवक. त्या माणसांना रात्रीच्या काळोखात अख्खं पठार धुंडाळायला लावायचं की एका दरीत पाठवायचं, हे त्या कागदावर ठरतं.

तंबूच्या ढिगाबद्दल थोडक्यात. स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात, आरामाचा आणि किमान मर्यादेचा. हे आकडे ज्या मानकाने ठरतात त्यात आरामाचा आकडा बाईच्या शरीराला धरून असतो, मर्यादेचा पुरुषाच्या. मोठ्या अक्षरांत बहुतेक दुसराच छापतात. बायकांनी आरामाचाच आकडा बघून बॅग घ्यावी. कॅरीमॅटवर आर-व्हॅल्यू, म्हणजे ती जमिनीची थंडी किती अडवते तो आकडा, लिहिलेली असते आणि दोन मॅट एकावर एक ठेवल्या की त्यांची बेरीज होते, म्हणून हवेच्या मॅटखाली फोमची पातळ मॅट नेली. हवेची फुटली तरी काहीतरी उरतं. पाण्याच्या बाटल्या रात्री उलट्या ठेवायच्या, म्हणजे बर्फ बुडाशी धरतो आणि सकाळी झाकण उघडतं. पाण्याचा फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये आपल्याबरोबर झोपवायचा. एकदा आतल्या बारीक नळ्यांत पाणी गोठलं की त्या तडकतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि जियार्डिया हा पोट बिघडवणारा सूक्ष्म जीव थेट पोटात जातो. गॅसचा डबाही उबेत ठेवायचा. साधा ब्यूटेन शून्याच्या जवळ वायू होणं थांबवतो, आयसोब्यूटेन उणे बाराच्या सुमाराला. डबा विकत घेताना आतलं मिश्रण वाचून घ्यावं.

जेवणाचं मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण हा माझा प्रांत होता. दहा हजार फुटांवर पाणी साधारण 90 अंशांनाच उकळतं. तूरडाळ त्या पाण्यात शिजत नाही, कितीही गॅस जाळा. राजमा, छोले तर विसराच. त्यामुळे इथले शिकारी पाकिटातलं वाळवलेलं जेवण नेतात, त्यात उकळतं पाणी ओतायचं आणि थांबायचं. ती पाकिटं महाग असतात आणि मला ती दोन दिवसांपलीकडे जात नाहीत. मी आठवड्याआधी घरीच कुकरमध्ये मुगाची खिचडी मऊ शिजवली, आमटी केली, पातळ पसरून डिहायड्रेटरमध्ये कुरकुरीत वाळवली, मिक्सरमधून भरड काढली. डोंगरात धातूच्या मगमध्ये तिच्यावर गरम पाणी ओतून तो टोपीत गुंडाळून वीस मिनिटं ठेवला की खिचडी तयार. वरून तूप. तुपाचा एक ग्रॅम नऊ कॅलरी देतो, एवढ्या कमी वजनात एवढी ताकद दुसऱ्या कशात नाही. पोहे तर या कामासाठीच जन्माला आलेत असं वाटावं: शिजवायची गरजच नाही. भाजलेले पोहे, दाण्याचं कूट, सुकं खोबरं, मीठ, साखर, तळून कोरडी केलेली मिरची, कढीलिंब. मेतकूट स्वतंत्र डबीत. खिशात डिंकाचे लाडू. शेंगदाण्याची चिक्की घेतली नाही, कारण त्या थंडीत ती दगडासारखी होते आणि थकलेल्या माणसाने दात लावण्याजोगी राहत नाही. लाडू छातीजवळच्या खिशात मऊ राहतो.

बाईंचा आक्षेप एकच होता, वासाचा. कोलोरॅडोत ग्रिझली ही मोठी तपकिरी अस्वलं नाहीत, पण काळी अस्वलं भरपूर, आणि शरद ऋतूत ती हिवाळ्यासाठी चरबी साठवायला दिवसभर खात फिरतात. हिंग आणि गोडा मसाला त्यांना नवीनच. म्हणून सगळं खाणं, शिवाय टूथपेस्ट आणि साबण, अस्वलाला न उघडणाऱ्या कडक डब्यात, आणि तो डबा तंबूपासून शंभर पावलं दूर. स्वयंपाकाची जागाही तंबूपासून वेगळी.

मांसाचं सामान सगळ्यात शेवटी भरलं आणि त्याला सॅकमध्ये स्वतःची पिशवी दिली, म्हणजे अंधारात एकच वस्तू बाहेर काढली की सगळं हाती येतं. हवा खेळती ठेवणाऱ्या कापडी पिशव्या, प्रत्येक मोठ्या तुकड्याला एक. पाती बदलता येणारा चाकू, शिवाय एक साधा मजबूत चाकू. नायट्राइलचे हातमोजे, दोन-दोन जोड. दोरी. एल्कची कातडी इतकी जाड असते की थंडीतही आतली ऊब बाहेर पडत नाही, आणि मागच्या पायाच्या सांध्यापासून मांस खराब होऊ लागतं. म्हणून कातडी लवकर काढायची, मांस झाडाला टांगायचं, वारा लागू द्यायचा. हातमोजे आणखी एका कारणासाठी. एल्क आणि हरणांत सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग आहे, तो पहिल्यांदा 1967मध्ये याच राज्यात, फोर्ट कॉलिन्सच्या एका संशोधन केंद्रात आढळला. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी मेंदू आणि मज्जारज्जू कापायचा नाही, आणि डोकं तपासणीला द्यायचं.

निघायच्या आधी बाईंनी माझी सॅक पुन्हा उघडायला लावली. त्या एकेक नाव घ्यायच्या आणि मी डोळे मिटून ती वस्तू काढायची. टूर्निके. लायटर. बचाव-पिशवी. दुसरा हेडलॅम्प. सगळं हाताला लागेपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही.

आणि ती रात्र आलीच. एल्क सापडला तो दिवस मावळताना, उताराच्या पलीकडच्या लहानशा गवताळ खळग्यात. शिकारीची वेळ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते. बाईंनी अंतर बरोबर आहे, शिंगाला हवी तेवढी टोकं आहेत हे दुर्बिणीतून पाहिलं आणि एकाच गोळीत नर पाडला. मी त्याच्या मानेवर हात ठेवला तेव्हा अंग अजून गरम होतं. बाई डोळे मिटून काही क्षण उभ्या राहिल्या. मीही नमस्कार केला. मग टॅगवर सही झाली आणि काम सुरू.

पोट न उघडता, एका बाजूची कातडी सोलून पुढचा आणि मागचा पाय सोडवायचा, पाठीवरचं मांस काढायचं, मग जनावर उलटवून दुसरी बाजू. नराचा पुरावा एका मागच्या पायाला तसाच जोडलेला ठेवायचा, तोही कायदाच. तिघं असूनही रात्र बरीच वर आली. मधेच बर्फ भुरभुरू लागला. माझ्या हेडलॅम्पचा उजेड पिवळा पडला आणि मी दुसरा काढला. हात मोज्यांत सुन्न झाले की पाळीपाळीने काखेत धरून बसायचं, पातं खाली ठेवूनच.

पिशव्यांत भरलेलं मांस आम्ही उरलेल्या सांगाड्यापासून चांगलं लांब, वाऱ्याच्या जागी झाडांना टांगलं, कारण अस्वल आलं तर आधी त्या सांगाड्याकडेच येतं. आता तंबू. मधल्या उतारावर 1940च्या दशकातल्या स्प्रूस-भुंग्याच्या साथीने मारलेल्या जुन्या जंगलाचा पट्टा होता. आडवी पडलेली झाडं एकमेकांवर, कंबरेइतकी, आणि त्यांवर ताजा ओला बर्फ. पाठीवर ओझं घेऊन, थकलेल्या पायांनी, अंधारात तिथून जाणं म्हणजे घोटा मोडून घेणं. बाईंचा मुलगा जाऊ म्हणाला. बाईंनी मान हलवली. "इथेच," त्या म्हणाल्या. मला त्या निर्णयात जराही धाडस वाटलं नाही. तो निर्णय गॅरेजच्या फरशीवरच झालेला होता.

बसायची जागा शोधतानाही वर पाहायचं असतं. वाळलेलं उभं झाड वाऱ्याने केव्हाही कोसळतं, म्हणून जिवंत स्प्रूसच्या घोळक्याच्या आडोशाला, मांसापासून दूर, बसलो. त्या वर्षी आगीवर बंदी नव्हती, आणि बर्फ पडत होता. लायटर गळ्यातून काढला, एका कापसाच्या बोळ्यावर बुंध्यालगतच्या काटक्या धरल्या, पेटल्या. ओला आतला शर्ट बदलला, जाड जॅकेट चढवलं, काळी पिशवी खाली, बचाव-पिशवीत पाय. यंत्रावरून दुसरा संदेश पाठवला: बाहेर राहतोय, ठीक आहे. काही मिनिटांनी नवऱ्याचं उत्तर आलं. मगमध्ये बर्फ वितळवून त्यात खिचडीची भरड, तूप. बाईंना दुसरा मग हवा होता. झोप अशी लागलीच नाही. पाळीपाळीने लाकडं घालत होतो, बोटं हलवत होतो, एकमेकांना बोलतं ठेवत होतो. माणूस असंबद्ध बोलू लागला, थरथर अचानक थांबली, की ती धोक्याची खूण. तिघंही शेवटपर्यंत थरथरत आणि नीट बोलत होतो.

उजाडल्यावर मांस जागच्या जागी होतं, वरून कडक आणि कोरडं झालेलं, अगदी हवं तसं. पुढचं सगळं काम म्हणजे फेऱ्या. आधी तंबूपर्यंत, मग तंबूपासून गाडीपर्यंत. दोन्ही हातांत काठ्या घेऊन, ओझं खांद्यांच्या मधोमध आवळून, थांबत थांबत. तांदळाच्या गोण्यांनी शिकवलेलं इथे खरोखर कामाला आलं. शेवटच्या फेरीत शिंगांसकट डोकं बाईंच्या मुलाने आणलं, कारण ते तपासणीला द्यायचं होतं. काही दिवसांनी अहवाल आला, रोग नाही असा. तोवर मांस फ्रीझरमध्ये बंद ठेवलं होतं, त्यातलं काहीच शिजवलं नव्हतं. वाटणीला आलेल्या मांसाचा मी पहिल्यांदा रस्सा केला, कोल्हापुरी मसाल्याचा, आणि शेजारी नेऊन दिला.

पुढच्या हंगामाची यादी मी गाडीतच लिहायला घेतली. मांसाच्या पिशव्या दोन जास्त. नायट्राइलच्या मोज्यांखाली घालायला पातळ लोकरी मोजे, म्हणजे कापताना बोटं जास्त वेळ चालतील. लाडू दुप्पट, कारण रात्रभर आग सांभाळणाऱ्याला खरी गरज त्याचीच. दुसरा मग. चाकूची पाती रंगीत टेप लावलेल्या डबीत, म्हणजे बर्फात पडली तरी दिसेल. आणि हेडलॅम्प प्रत्येकाकडे दोन, शिवाय तिघांत मिळून आणखी एक, कारण टांगलेल्या मांसापाशी एक लावून ठेवता आला असता तर परत येताना ती झाडं लांबूनच ओळखू आली असती.